दंगलीतील बेपत्तांची यादी खुली करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारी आला की १९९२-९३च्या मुंबई दंगलीवर लेख येतात आणि त्यांच्या मागोमाग ‘जुन्या जखमा कशाला उकरता’ अशी पत्रेही येतात. दोन्ही बाजूंच्या वादात एक हिशेब मात्र कायम बाजूला राहतो. तो आहे १६८ माणसांचा. ही माणसे मेली असे सरकार म्हणत नाही आणि जिवंत आहेत असेही म्हणत नाही. सरकारदप्तरी ती बेपत्ता आहेत. त्यांपैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली, उरलेल्या १०८ जणांचे वारस सापडले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालात हे आकडे नोंदलेले आहेत. जखमा उकरू नका हा सल्ला या १०८ घरांना लागूच पडत नाही. त्यांच्या माणसाचा साधा पंचनामाही कोणी पुरा केलेला नाही.

आधी जे हाती आहे ते पाहू, कारण मुंबईच्या बाबतीत ते थोडे नाही. २५ जानेवारी १९९३ रोजी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याने ५०२ साक्षीदार तपासले आणि पोलीस ठाण्यांनिहाय घटनाक्रम मांडला. मृतांचा आकडा ९०० ठरला: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ असे की ज्यांचा धर्मही ठरवता आला नाही. कारणांची फोड तर हुंदके आणि घोषणा बाजूला ठेवून वाचावी अशी आहे. पोलीस गोळीबारात ३५६, भोसकाभोसकीत ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. बेरीज बरोबर ९०० येते. जखमी २,०३६. इतका नेमका तक्ता आपल्याकडच्या फार थोड्या दंगलींचा उपलब्ध आहे, आणि तो या आयोगाचा मोठा ठेवा आहे. पण या तक्त्यात १६८ बेपत्ता बसत नाहीत. ज्याचा मृतदेह नाही त्याच्या मृत्यूचे कारण नाही, आणि ज्याचे कारण नाही त्याला तक्त्यात रकाना नाही.

आयोगाने असे का केले म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ या कायद्याची चौकटच तेवढी आहे. कलम ४ नुसार आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात. मात्र कलम ६ नुसार आयोगापुढे दिलेला जबाब त्या माणसाविरुद्ध पुढच्या दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. हे संरक्षण नसते तर कोणी तोंड उघडले नसते हे खरे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आयोगापुढे जे सिद्ध झाले ते न्यायालयात पहिल्यापासून पुन्हा सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी तपास त्याच पोलिसांना करावा लागतो, ज्यांच्याविषयी अहवालात लिहिलेले असते. श्रीकृष्ण अहवालाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. आयोगाचे निष्कर्ष स्वतःच्या बळावर कोणावर बंधनकारक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच रामकृष्ण दालमिया प्रकरणात सांगून ठेवले आहे. कलम ३(४) सरकारवर एकच बंधन घालते: अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह विधिमंडळात मांडायचा. अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सादर झाला आणि ऑगस्टमध्ये मांडला गेला, म्हणजे कायद्याची मुदत पाळली गेली. सोबतच्या निवेदनात सरकारने अहवाल पक्षपाती ठरवून त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले, आणि तेही कायद्यात बसले.

त्याआधी २३ जानेवारी १९९६ रोजी याच कायद्याचा आधार घेऊन आयोग गुंडाळला गेला होता, तोही बहुतेक साक्षी नोंदवून झाल्यावर. २८ मे १९९६ रोजी तो पुन्हा नेमला गेला आणि १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांची पार्श्वभूमी तपासण्याचे कामही त्याच्यावर टाकले गेले. ज्या सरकारची चौकशी होऊ शकते त्याच सरकारच्या हाती आयोगाचे आयुष्य ठेवणारा हा कायदा बदलला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय.

बॉम्बस्फोट आणि दंगल यांची तुलना वारंवार होते, तेव्हा तीही नेमकी व्हावी. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे मारली गेली. त्या एकाच गुन्ह्याचा एकच मुख्य खटला झाला, केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला, ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली विशेष न्यायालय नेमले गेले आणि १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. दंगलीच्या गुन्ह्यांचे चित्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या निकालपत्रातच आहे. न्यायालयांत गेलेले २५३ खटले. त्यांपैकी ११४ मध्ये निर्दोष सुटका, ६ मध्ये शिक्षा, १ प्रलंबित, १ रद्द, ३४ आरोपीच्या मृत्यूमुळे वगैरे कारणांनी संपलेले आणि ९७ निद्रिस्त, म्हणजे आरोपी फरार असल्याने बाजूला ठेवलेले. एकीकडे आरोपींची संख्या आहे, दुसरीकडे खटल्यांची. त्यामुळे १०० आणि ६ हे आकडे शेजारी ठेवून टक्केवारी काढणे चूक आहे. शिवाय टाडाखाली पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत असे. तो मार्ग आदर्श म्हणून कोणी पुढे करू नये. घेण्यासारखे आहे ते एवढेच: एक तपास यंत्रणा, एक न्यायालय, पूर्णवेळ सरकारी वकील आणि सलग चाललेले काम. दंगलीचे गुन्हे मात्र वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत, वेगवेगळ्या दंडाधिकाऱ्यांकडे, बदली होत राहणाऱ्या तपास अधिकाऱ्यांच्या हाती विखुरले. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू रहिवाशांना घरात कोंडून जाळले गेले. त्या खटल्यात विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले आरोपीही पुढे सर्वोच्च न्यायालयात सुटले. ज्यांना वाटते की तपासाच्या या दुबळेपणाची झळ एकाच समाजाला लागली, त्यांनी हा खटला वाचावा.

खटल्यांपर्यंत न पोचलेल्या गुन्ह्यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. तेराशेहून अधिक गुन्हे ‘ए समरी’ करून बंद केले गेले. पोलिसी व्यवहारात ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. हे नीट लक्षात घ्यावे, कारण ‘फाइल बंद झाली’ या शब्दांनी लोकांची फसगत होते. ‘ए समरी’ हा सरकारचा लेखी कबुलीजबाब असतो, की गुन्हा घडला. खून, जाळपोळ यांसारख्या गंभीर गुन्ह्यांना फौजदारी प्रक्रियेत दखल घेण्याची कालमर्यादा नाही. जुन्या संहितेचे कलम १७३(८) आणि नव्या संहितेतील त्याची जागा घेणारी तरतूद यांखाली पुढील तपास कधीही करता येतो. २००० साली नेमलेल्या विशेष कृती दलाने या गठ्ठ्यातून ११२ प्रकरणे निवडली होती, त्यांतली फारच थोडी पुढे सरकली. आठ वर्षांनी तपास पुन्हा उघडला की काय होते हे कोणताही अनुभवी फौजदार सांगेल. प्रथम खबर सापडते पण केस डायरी सापडत नाही. मुद्देमालाची पावती असते, मुद्देमाल नसतो. साक्षीदाराचा पत्ता जळलेल्या झोपडपट्टीचा असतो.

म्हणूनच पहिली मागणी न्यायालयाची पायरी चढण्याच्याही आधीची आहे. पोलीस अभिलेख ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याचा नियम असतो. तो डिसेंबर १९९२ ते मार्च १९९३ या काळातील मुंबईच्या सर्व नोंदींपुरता कायमचा स्थगित करावा आणि त्या नोंदी राज्य पुराभिलेखाकडे द्याव्यात. पूर्व जर्मनीत राजवट कोसळत असताना गुप्त पोलिसांनी कागद फाडायला घेतले. ४ डिसेंबर १९८९ रोजी एरफुर्टमध्ये आणि १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनमध्ये सामान्य माणसे कार्यालयांत शिरली आणि त्यांनी ते थांबवले. त्यामुळे १११ किलोमीटर लांबीचे दप्तर आणि फाटक्या कागदांची पंधरा हजारांहून अधिक पोती वाचली. डिसेंबर १९९१च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःची नस्ती वाचण्याचा हक्क दिला. त्यात आलेली इतर पीडितांची नावे मात्र झाकून दाखवली जातात. आपल्याकडे कोणी मुद्दाम फाडण्याचीही गरज नाही. पावसाळा, वाळवी आणि ‘जुने दप्तर निर्लेखित’ असा शेरा एवढे पुरे होते.

आता बेपत्तांकडे. या बाबतीत ज्या देशाकडून शिकावे तो अर्जेंटिना. तिथे १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत माणसे रात्री घरातून उचलली जात आणि पुढे त्यांचा थांग लागत नसे. १० डिसेंबर १९८३ रोजी लोकनियुक्त अध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी शपथ घेतली आणि पाचच दिवसांनी बेपत्तांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला. तो सप्टेंबर १९८४ मध्ये मोकळा झाला. त्याने ८,९६० बेपत्तांची नावानिशी यादी दिली, सुमारे ३४० गुप्त बंदीगृहे नोंदली आणि यादी अपुरी आहे हे त्याच अहवालात लिहिले. सरकारी वकिलांनी या साठ्यातून ७०९ प्रकरणे निवडली. सगळी घेतली असती तर खटला कधीच संपला नसता, म्हणून पद्धत सिद्ध करणारी प्रकरणे घेतली. १९८५ साली एप्रिल ते डिसेंबर एवढ्यात ८३३ साक्षीदारांसह नऊ सेनाधिकाऱ्यांचा खटला पुरा झाला आणि पाच जण दोषी ठरले. पुढे माफीचे कायदे आले, १९८९-९० मध्ये शिक्षा माफ झाल्या, आणि ते कायदे २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. मधली दोन दशके खटले बंद होते, तरी यादीचे काम चालू राहिले. नावे वाढली, दुबार नोंदी गळाल्या, चुकीची आडनावे दुरुस्त झाली. पुढचे खटले उभे राहिले ते या यादीवर.

यादी नव्या नावांसाठी उघडी ठेवली नाही तर काय होते ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. तिथल्या सत्य व सलोखा आयोगाकडे २१,००० हून अधिक पीडितांचे जबाब नोंदले गेले आणि डिसेंबर १९९७ मध्ये नोंदणी थांबली. आयोगाने सुचवले होते की सहा वर्षे दरसाल जास्तीत जास्त सुमारे २३,००० रँड द्यावेत. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड देऊन विषय संपवला, आणि तेही फक्त ज्यांचे नाव त्या मुदतीत चढले होते त्यांना. दूरच्या खेड्यातली, भीतीपोटी गप्प राहिलेली, उशिरा कळलेली माणसे कायमची बाहेर राहिली.

अर्जेंटिनाने आणखी एक काम केले, ते कायदेशीर आहे आणि आपल्याला थेट उपयोगी आहे. तिथे अनेक आयांनी मुलाला मृत घोषित करायला नकार दिला. मृत्यूचा दाखला घेणे म्हणजे कोणी मारले हा प्रश्न सोडून देणे, असे त्यांना वाटे. पण दाखल्याशिवाय घर नावावर होत नव्हते, निवृत्तिवेतन मिळत नव्हते, सुनेला पुन्हा लग्न करता येत नव्हते. १९९४च्या कायदा क्रमांक २४३२१ ने यातून वाट काढली. न्यायाधीश त्या माणसाला ‘बळजबरीने बेपत्ता केल्यामुळे गैरहजर’ घोषित करतो. वारसाहक्काचे सगळे परिणाम मृत्यूसारखेच होतात, पण मृत्यू झाला असे कुटुंबाला म्हणावे लागत नाही. पुरावा म्हणून त्या वेळी अधिकृत ठिकाणी केलेली तक्रार पुरते. तीन दिवस नोटीस छापायची, साठ दिवस वाट पाहायची आणि घोषणा करायची.

आपल्याकडे याच कामासाठी पुरावा कायद्याचे कलम १०८ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११ आहे. सात वर्षे ज्याच्याविषयी त्याच्या जवळच्यांनी काही ऐकले नाही तो जिवंत आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. दंगलीतील बेपत्तांच्या बाबतीत ही सात वर्षे जानेवारी २००० मध्ये पुरी झाली. पण त्यासाठी कुटुंबाला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, वकील करावा लागतो, ‘मिसिंग’ची, म्हणजे बेपत्ता झाल्याच्या तक्रारीची, नोंद आणावी लागते. मग त्या हुकुमावर उशिराच्या मृत्युनोंदणीचा अर्ज, आणि त्यावर पुन्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश. २२ जुलै १९९८च्या शासन निर्णयाने बेपत्तांच्या वारसांनाही मृतांप्रमाणे दोन लाख रुपये लागू केले, पण वारस कसा शोधायचा ही बाजू सैल राहिली. उत्तर प्रदेश, बिहारमधून एकट्याने कामाला आलेला, बेकरीत किंवा कारखान्यातच झोपणारा मजूर बेपत्ता झाला तर त्याची तक्रार देणारा बहुधा शेजारी किंवा मालक असतो. त्या तक्रारीत गावाचे नाव असते, जिल्हा नसतो. बापाचे नाव नुसते ‘मोहम्मद’ किंवा ‘रामलाल’. रेशनकार्ड खोलीबरोबर जळालेले. त्या पत्त्यावर पाठवलेले पत्र ‘इसम मिळून येत नाही’ म्हणून परत आले की फाइलवर ‘वारस आढळून आले नाहीत’ असा शेरा बसतो.

मृतदेहाकडून शोध घ्यायचा तर तो मार्ग मुंबईत जवळजवळ बंद आहे, आणि हे स्पष्ट सांगणे बरे. अर्जेंटिनात आधी कबरी घाईने, यंत्रांनी उकरल्या गेल्या, हाडे मोडली आणि एकमेकांत मिसळली. म्हणून १९८४ मध्ये अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांना बोलावले गेले. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून कबर उत्खननासारखी थराथराने उघडायला शिकवले. ब्वेनोस आइरेसजवळच्या आवेल्यानेदाच्या दफनभूमीतून तीनशेहून अधिक सांगाडे मिळाले. जुने मोडलेले हाड, दात, उंची हे कुटुंबाच्या माहितीशी ताडले गेले आणि पुढे नातेवाइकांच्या रक्ताशी. आईकडून येणारा जनुकीय वारसा सख्ख्या भावंडांत आणि बहिणीच्या मुलांतही तोच राहतो, म्हणून आईबाप नसले तरी जुळणी होऊ शकते. मुंबईत मात्र बेवारस हिंदू प्रेतांचे दहन झाले आणि कब्रस्तानांत जागेच्या टंचाईमुळे त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा दफन होते. हाडे वेगळी करता येतील अशी आशा कुटुंबांना दाखवू नये.

राहतो तो कागदाचा मार्ग, आणि तो अजून उघडा आहे. अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची, म्हणजे ‘एडीआर’ची नोंद करतात, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, कपडे, गोंदण, व्रण लिहिले जातात, छायाचित्र निघते, शवविच्छेदन होते आणि प्रेत विल्हेवाटीसाठी दिले जाते. धागा तुटतो तो हद्दींवर. माणूस एका ठाण्याच्या हद्दीत राहत होता, तिथे ‘मिसिंग’ दाखल झाली. तो मारला गेला दुसऱ्या हद्दीत. रुग्णालय तिसऱ्या हद्दीत, तिथे शून्य क्रमांकाने नोंद होऊन कागद दुसऱ्या ठाण्याकडे जायचा. संचारबंदीत, रोज डझनावारी प्रेते येत असताना, तो गेलाच असे नाही. रुळांवर सापडलेला मृतदेह असेल तर नोंद लोहमार्ग पोलिसांच्या वेगळ्याच दप्तरात. म्हणजे ‘मिसिंग’ आणि ‘एडीआर’ या दोन नोंदवह्या एकमेकींशेजारी कधीच उघडल्या जात नाहीत. आयोगाच्या तक्त्यातील ते ४५ जण, ज्यांचा धर्मही ठरला नाही, त्यांतल्या बहुतेकांची ओळखच पटलेली नसावी. १६८ जणांच्या यादीशी ताडून पाहण्याचे काम तिथूनच सुरू व्हायला हवे.

या कामाला फार मोठा फौजफाटा लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या निकालात राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितले. तीत उपजिल्हाधिकारी दर्जाहून कमी नाही असा महसूल अधिकारी आणि सहायक पोलीस आयुक्त दर्जाहून कमी नाही असा पोलीस अधिकारी असावा, असेही सांगितले. समितीने ६ डिसेंबर १९९२ ते ३१ मार्च १९९३ या काळातील सर्व पोलीस ठाण्यांच्या आणि लोहमार्ग पोलिसांच्या ‘एडीआर’ नोंदवह्या, केईएम, सायन, नायर, जे. जे. आदी रुग्णालयांच्या शवागार व शवविच्छेदन नोंदी आणि महापालिकेच्या स्मशान व दफनभूमींच्या वह्या एकाच तक्त्यात उतरवाव्यात. रकाने थोडेच: तारीख, जागा, अंदाजे वय, लिंग, उंची, कपडे, खुणा, मृत्यूचे कारण, प्रेत कोठे गेले. दुसऱ्या तक्त्यात १६८ ‘मिसिंग’. तारीख आणि वय यांवर आधी चाळणी, मग कपडे आणि खुणा. नावावर आधी चाळणी लावू नये. उर्दू, हिंदी नाव मराठीत उतरवताना ‘शेख’, ‘शेक’, ‘सेख’ होते, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसते, आणि खरी जुळणी पहिल्याच पायरीवर गळून पडते. सगळ्यांची ओळख अशी पटणार नाही. पण प्रत्येक कुटुंबाला ‘शोधले, इतक्या नोंदी पाहिल्या, हे आढळले’ असा लेखी निष्कर्ष देता येतो, आणि तो मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

यादी प्रसिद्ध केली तर तेढ वाढेल, अशी शंका घेतली जाते. ती खोटी म्हणून उडवून लावू नये. नाव आणि पत्ता छापल्याने कुटुंबाला त्रास होऊ शकतो. त्यासाठी प्रसिद्ध यादीत नाव, वडिलांचे नाव, वय, मूळ गाव व जिल्हा आणि शेवटचे दिसल्याची तारीख व वस्ती एवढेच असावे. धर्माचा रकाना, तक्रारदाराचे नाव आणि आजचा पत्ता त्यात नको. आक्षेप असेल त्या कुटुंबाचे नाव वगळावे. पण १०८ जणांचे वारस गुप्त यादीवरून सापडत नाहीत, हे इतक्या वर्षांत पुरते सिद्ध झाले आहे. माणूस ज्या गावचा आहे त्या गावाने यादी वाचल्याशिवाय वारस पुढे येणार नाही. ती मराठी, हिंदी आणि उर्दू वृत्तपत्रांत छापावी. उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर राज्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांमार्फत ती त्या त्या जिल्ह्याला, तहसीलीला आणि ग्रामपंचायतीला पाठवावी. अर्जाला अंतिम तारीख ठेवू नये. वारसाला मुंबईला यावे न लागता त्याच्या जिल्ह्यातच जबाब आणि ओळखीची कागदपत्रे घ्यावीत. वारस दाखल्यासाठी दिवाणी दावा लावायला सांगू नये. समितीने चौकशी करून दिलेला दाखला पुरेसा मानावा.

पैशांचा हिशेबही कुटुंबांना आधीच सांगावा, कारण मधले दलाल याच अज्ञानावर जगतात. भरपाई दोन लाख रुपये. न्यायालयाने त्यावर २२ जानेवारी १९९९ पासून दरसाल ९ टक्के व्याज देण्याचा आदेश दिला आहे. सरळ व्याजाने ते वर्षाला १८,००० रुपये होते. जानेवारी २०२४ मध्ये २५ वर्षे झाली, म्हणजे तोवरचे व्याज साडेचार लाख आणि एकूण साडेसहा लाख. व्याज प्रत्यक्ष रक्कम हाती पडेपर्यंत चालू राहते. समितीने आजवर किती वारस शोधले, किती रक्कम दिली आणि ९७ निद्रिस्त खटल्यांतले किती फरार आरोपी सापडले, हे तिमाही आकड्यांसह शासनाच्या संकेतस्थळावर टाकावे. गृह विभागाने या पत्राची दखल घेऊन एवढे केले, तरी निकालाच्या अंमलबजावणीवर नजर ठेवणाऱ्यांना माहितीच्या अधिकारात अर्ज करत बसावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुंबई